पॅरीज कॉर्नर ते रिझर्व्ह बँक

नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर असलेल्या मराठी माणसाला चेन्नई शहर ठाऊक असते ते बहुधा मरीना, मयिलापूर आणि टी. नगरमधील साड्यांची दुकाने एवढ्यापुरते. जॉर्ज टाउनमध्ये तो आला तर कामासाठी येतो. उच्च न्यायालयात तारीख असते, कस्टम्समध्ये माल अडकलेला असतो, किंवा घाऊक बाजारात काही स्वस्त मिळते का हे पाहायचे असते. नुसते चालण्यासाठी या भागात कोणी येत नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. हातगाड्या, माथाडी, वकिलांचे काळे कोट, बसगाड्या आणि पदपथावर पसरलेली दुकाने यांतून वाट काढणे हेच एक काम होऊन बसते.

तरीही ज्यांना राज्यकारभाराच्या इतिहासात रस आहे त्यांनी ही पायपीट एकदा अवश्य करावी. पॅरीज कॉर्नरपासून राजाजी सालईने उत्तरेकडे थोडे जावे आणि परत फिरून दक्षिणेस किल्ल्याजवळच्या रिझर्व्ह बँकेपर्यंत यावे. जेमतेम तासाभराची ही वाट आहे. परंतु आपल्या देशात बँकिंगचे नियम का जन्मले, हे समजण्यासाठी एवढा सोयीचा दुसरा रस्ता माझ्या पाहण्यात नाही.

आरंभ उच्च न्यायालयाच्या आवारापासून करू. लाल विटांची, घुमटांची ही भव्य वास्तू १८९२ साली खुली झाली. तिच्या सर्वांत उंच घुमटावर १८९४ पासून १९७७ पर्यंत शहराचे दीपगृह होते. आवारात त्याआधीच्या, १८४४ सालच्या दीपगृहाचा दगडी स्तंभही उभा आहे. ही जागा मोकळी कशी मिळाली, याला एक कारण आहे. इंग्रजांनी १६३९-४० मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्याची उभारणी केली तेव्हा त्याच्या उत्तर तटाला लागूनच देशी व्यापारी, विणकर, दुभाषे यांची वस्ती वाढली. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले. ते तहाने परत मिळाले, पण १७५८-५९ मध्ये फ्रेंचांनी पुन्हा वेढा दिला. या अनुभवाने शहाण्या झालेल्या कंपनीने किल्ल्याभोवतीची जुनी वस्ती पाडून तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे केले. १७७३ साली सीमा दाखविणारे सहा स्तंभ उभारून त्यांच्या आत कोणी बांधकाम करू नये असा दंडक घातला. त्यांपैकी एक स्तंभ आजही पॅरीज कॉर्नरला डेअर हाउसच्या आवारात आहे. आपण ज्याला जॉर्ज टाउन म्हणतो ते त्या सीमेपलीकडे नव्याने वसलेले शहर होय. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याचे सरकारी नाव ‘ब्लॅक टाउन’ असे होते.

या शहरातील गल्ल्यांची नावे वाचीत गेले तरी व्यापाराचा नकाशा उलगडतो. तंबू चेट्टी, लिंगी चेट्टी हे कंपनीशी व्यवहार करणारे व्यापारी होते. आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२ सालचे आर्मेनियन चर्च आहे. पोवळ्यांच्या व्यापाऱ्यांची एक गल्ली आहे. टांकसाळीवरून मिंट स्ट्रीट आणि तिला लागून ‘सावकारपेट’. हे नाव मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरजच नाही. ‘दुबाश’ हा मद्रासी इंग्रजीतील शब्दही आपल्या दुभाष्याचाच सख्खा भाऊ आहे.

तंबू चेट्टी स्ट्रीटवर मराठी माणसाची पावले आपसूक थांबतात ती काळिकांबाळ मंदिराशी. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराजांनी येथे दर्शन घेतले अशी मंदिराची परंपरा आहे आणि ती तेथे अभिमानाने सांगितली जाते. किल्ल्यातील कंपनीच्या दप्तरात त्याच वर्षीच्या नोंदी आहेत त्या पत्रव्यवहाराच्या. दक्षिण दिग्विजयाच्या काळात महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे काही औषधी व विषावरचे उतारे मागविले. कौन्सिलने ते मोल न घेता भेट म्हणून पाठविले. पुढे महाराजांनी तोफखाना व सुरुंगाची कामे जाणणारी माणसे मागितली, तेव्हा मात्र त्याच कौन्सिलने नम्रपणे नकार दिला. भेट आणि नकार या दोहोंचा हिशेब वहीत नोंदला गेला. या वहीच्या सवयीला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून येथे तिचा उल्लेख केला.

आता मुख्य रस्त्यावर येऊ. आजची राजाजी सालई म्हणजे पूर्वीची ‘फर्स्ट लाइन बीच’. समुद्र तेव्हा खरोखरच या इमारतींच्या समोर होता. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि मसुला नावाच्या शिवलेल्या होड्यांतून माल व माणसे लाटांवरून किनाऱ्यावर येत. बंदराचे काम १८७० च्या दशकात सुरू झाले, १८८१ च्या वादळाने ते मोडले, आणि शतक संपता संपता ते पुरे झाले. त्यानंतर भराव पडत जाऊन समुद्र मागे हटला. पुढे याच बंदराच्या कचेरीत, १९१२ साली, श्रीनिवास रामानुजन हे महिना ३० रुपयांवर हिशेब विभागात कारकून म्हणून लागले. मोठमोठ्या व्यापारी पेढ्यांनी आपली कार्यालये या रस्त्यावर थाटली, कारण खिडकीतून जहाज दिसणे ही त्या काळची सर्वांत जलद बातमी होती.

कोपऱ्यावरची पॅरी ही त्यांपैकी एक. टॉमस पॅरी हा वेल्समधील गृहस्थ १७८८ साली मद्रासला आला. त्याचे नाव या चौकाला कायमचे चिकटले. आजची डेअर हाउसची इमारत १९४० ची असून १९८१ पासून ही कंपनी मुरुगप्पा समूहाकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये तीन इंग्रज पेढ्यांचा दबदबा होता: पॅरी, बिनी आणि अर्बथनॉट. या तिघींतही अर्बथनॉटचे नाव सर्वांत भक्कम समजले जाई.

या पेढीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली बँक नव्हती. भागीदारीत चालणारी ती खासगी पेढी होती. मळे, निर्यात, विमा, एजन्सी असे सर्व उद्योग ती करी आणि त्याबरोबर लोकांच्या ठेवीही घेई. ठेवीदारांत जमीनदार होते, देवस्थाने होती, निवृत्त सरकारी नोकर होते, विधवा होत्या. पेढीचा ताळेबंद प्रसिद्ध करण्याचे बंधन नव्हते, आणि ठेवीदारांनीही तो कधी मागितला नाही. सर जॉर्ज अर्बथनॉट हे शहरातील अग्रगण्य गृहस्थ, पेढीला शंभर वर्षांची परंपरा, गव्हर्नरच्या दरबारी मान. मराठीत आपण ‘पत’ हा एकच शब्द अब्रूसाठीही वापरतो आणि उधारीच्या लायकीसाठीही. मद्रासच्या लोकांनी नेमके तेच केले. अब्रू पाहिली आणि पैसे ठेवले.

सोमवार, २२ ऑक्टोबर १९०६ रोजी या पेढीने व्यवहार बंद केल्याचे जाहीर केले. लंडनमधील भागीदार पॅट्रिक मॅकफॅडियन याने तेथे सट्ट्यात आणि भलत्या गुंतवणुकींत पैसा घालविला होता. दिवाळे निघणार हे स्पष्ट होताच त्याने आगगाडीखाली जीव दिला. इकडे मद्रासमध्ये हाहाकार उडाला. ज्यांची आयुष्यभराची पुंजी त्या एका दारात होती, त्यांना ते दार बंद दिसले. सर जॉर्ज यांच्यावर खटला चालून १९०७ साली त्यांना १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. वसाहतीच्या काळात एका ‘सर’ला एतद्देशीय ठेवीदारांच्या फसवणुकीबद्दल तुरुंगात जावे लागले, ही गोष्ट लहान नव्हती. पण शिक्षेने ठेवी परत येत नाहीत. बिनीलाही त्याच वर्षी धक्का बसला आणि ती पुढे इंचकेप यांच्या हाती गेली.

याच रस्त्यावर, अर्बथनॉटपासून हाकेच्या अंतरावर, बँक ऑफ मद्रास होती. १८४३ साली स्थापन झालेली ही बँक कलकत्ता व मुंबईच्या भगिनी बँकांप्रमाणे १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने बांधलेली होती. परकीय चलनाचा व्यवहार तिला मना होता, स्थावर मिळकतीवर कर्ज देणे मना होते, दीर्घ मुदतीची कर्जे मना होती. व्यापारी या बँकेला सुस्त आणि भित्री म्हणत. अर्बथनॉटवर असे कोणतेच बंधन नव्हते, म्हणून ती चपळ आणि उदार वाटे. १९०६ साली चपळ पेढी बुडाली आणि सुस्त बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत रूपांतरित झाली. तिची डौलदार इमारत आजही या रस्त्याची शोभा आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात शंभर पाने वाचून जो मुद्दा कळतो, तो येथे दोन इमारतींमधील अंतर चालून कळतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, सावकारपेटेतील आणि चेट्टीनाडच्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांचा व्यवहार अशा बंधनांशिवायही चालतच होता. अब्रूवरच तर तो चालला. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर शोधले पाहिजे. चेट्टियारांचा विश्वास हा एकमेकांस ओळखणाऱ्यांमधला होता. कोणी शब्द मोडला तर लग्नसंबंधापासून देवळातील मानापर्यंत सर्वत्र त्याची किंमत मोजावी लागे. अर्बथनॉटकडे पैसे ठेवणारी तंजावरकडची विधवा मात्र लंडनमधील भागीदाराला ओळखत नव्हती, आणि तोही तिला ओळखत नव्हता. विश्वास ओळखीच्या वर्तुळाबाहेर पडला की अब्रूची नजर तेथवर पोहोचत नाही. मग त्या जागी काहीतरी दुसरे लागते: प्रसिद्ध होणारा ताळेबंद, तिऱ्हाइताची तपासणी, आणि दाद मागण्यासाठी न्यायालय.

न्यायालयासमोर उभ्या असलेल्या पच्चैयप्पा सभागृहाकडे पाहिले की हाच धडा उजव्या बाजूने वाचता येतो. कंपनीच्या काळातील धनाढ्य दुभाषे पच्चैयप्पा मुदलियार १७९४ साली वारले. आपली संपत्ती त्यांनी धर्मकार्यासाठी ठेवली होती, पण ती अनेक वर्षे तंट्यात अडकली. अखेर न्यायालयाच्या आदेशाने न्यास उभा राहिला आणि शिलकीतून १८४२ साली शाळा निघाली. पुढे तिचे महाविद्यालय झाले. माणूस गेल्यावर त्याची इच्छा जिवंत राहिली ती कोर्टाच्या योजनेमुळे आणि तपासता येणाऱ्या हिशेबामुळे.

अर्बथनॉटच्या राखेतून मद्रासकरांनी एक संस्था उभी केली. ठेवीदारांची बाजू लढविणारे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी पुढाकार घेतला. चेट्टियार भांडवलदारांनी साथ दिली. मार्च १९०७ मध्ये इंडियन बँकेची नोंदणी झाली आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी पॅरीच्या इमारतीत तिचे काम सुरू झाले. पुढे ज्या जागेवर अर्बथनॉटची कचेरी होती, तेथेच इंडियन बँकेची इमारत उभी राहिली. स्वदेशीचा तो काळ होता. मुंबईत बँक ऑफ इंडिया १९०६ मध्ये, बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये निघाली. तथापि स्वदेशी म्हणून बँक सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे चूक ठरले असते. १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक आणि लाहोरची पीपल्स बँक बुडाल्या. मालक गोरा की काळा याने ठेवीदाराचे नुकसान कमी-अधिक होत नाही.

आता परत फिरावे. बर्मा बाजाराच्या दुकानांवरून, ब्रह्मदेशातून परतलेल्या निर्वासितांसाठी १९६९ साली वसविलेल्या त्या ओळीवरून, पुन्हा न्यायालय ओलांडून किल्ल्याच्या दिशेने चालत गेले की रिझर्व्ह बँकेची इमारत येते. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तीन वर्षांतच, जून १९३८ मध्ये, त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँकेने दरवाजे बंद केले आणि दक्षिणेत पुन्हा हलकल्लोळ झाला. नव्या मध्यवर्ती बँकेने मदत का केली नाही यावर पुष्कळ टीका झाली. मात्र व्यापारी बँकांची नियमित तपासणी करण्याचे पुरेसे अधिकारच तेव्हा तिच्यापाशी नव्हते. ते अधिकार मिळाले १९४९ च्या बँकिंग कायद्याने. त्या वेळी गव्हर्नरपदी होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात जन्मलेले, आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले.

त्यानंतरचा क्रमही तोच आहे. १९६० साली पलै सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, म्हणून १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ साली १ लाखावर आली आणि तेथेच पुढची जवळजवळ २७ वर्षे थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. आरंभी खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. रांगेत उभे असलेले ते निवृत्त लोक, त्या गृहिणी पाहून १९०६ च्या मद्रासची आठवण होणे स्वाभाविक होते. मग फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली, त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविणारी दुरुस्ती झाली, आणि २०२१ मध्ये निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

प्रशासनात वावरलेल्या माणसाला या क्रमाचे वैषम्य वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे नियम आधी येत नाही. आधी कोणाची तरी पुंजी जाते, मग नियम येतो. आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांत तो नियम कशासाठी केला होता हे विसरले जाते. नव्या पिढीचा अधिकारी फाइल उघडतो, त्याला एक त्रासदायक कलम दिसते, उद्योजकांचे शिष्टमंडळ ते सैल करा म्हणून येते. कलम सैल करण्यास माझा तात्त्विक विरोध नाही. काही कलमे खरोखर कालबाह्य असतात आणि अति बंधनांनी गरजूला कर्जच मिळेनासे होते. पण सैल करण्यापूर्वी ते कोणाच्या बुडालेल्या पैशातून आले याची टिप्पणी त्या फाइलवर असावी, एवढी अपेक्षा गैर नाही. कंपनीचे कौन्सिल भेट दिलेल्या औषधाचीही नोंद ठेवीत असे.

रस्त्यांनाही अशी टिप्पणी असावी. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर अर्धा तास गोळे टाकले. तेलाच्या टाक्या पेटल्या, मोजकी माणसे दगावली. त्याची आठवण सांगणारा फलक उच्च न्यायालयाच्या भिंतीशी आहे आणि ‘एम्डन’ हा शब्द तमिळ बोलीत वस्ताद माणसासाठी रूढ झाला. अर्बथनॉटने उद्ध्वस्त केलेली घरे याहून कितीतरी अधिक होती. त्यांच्यासाठी या रस्त्यावर एकही फलक माझ्या पाहण्यात आलेला नाही. बाहेरून आलेला गोळा लक्षात राहतो, आपल्याच विश्वासातून झालेला स्फोट विसरावासा वाटतो.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना हे सारे सांगण्यात एक व्यावहारिक हेतूही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या ठेवी अजूनही गावाकडच्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतात. संचालक ओळखीचे असतात, वडिलांचे खाते तेथेच होते, व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळते. हा जिव्हाळा चांगला आहे, परंतु आपण आता दूर राहतो आणि अब्रूची नजर तेवढ्या लांबून चालत नाही. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. ठेव विमा बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. दोहोंच्या पाट्या आणि काउंटर सारखेच दिसत असले तरी कायद्याच्या लेखी त्यांत फरक आहे. ५ लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे. आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत, एकाच नात्याने ठेवलेल्या एकाच व्यक्तीच्या ठेवी एकत्र मोजल्या जातात, म्हणून शाखा बदलून संरक्षण वाढत नाही. पुढच्या वेळी ठेवीचे नूतनीकरण करताना संस्थेचा मागील वर्षाचा ताळेबंद मागून घ्यावा. तो देण्यास तेथे कोणी खळखळ करीत असेल, तर ठेवीचा निर्णय करण्यास तेवढे पुरेसे आहे.